गवत वर येईपर्यंत

आमच्या घरात दोन पुरुष आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. एक माझा नवरा, दुसरे त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं तेव्हापासून मी या घरातली निरोप्या झाले. त्यांना सांग जेवण वाढलंय. त्याला सांग मला भूक नाही. त्यांना विचार औषध घेतलं का. त्याला सांग औषध माझं आहे, मी बघीन. दोघं एकाच टेबलापाशी बसलेले, मध्ये वाढायला मी, आणि दोघंही माझ्याच तोंडाकडे बघून बोलणार. एक दिवस मी चिडून म्हटलं, मी मेले तर तुम्ही दोघं उपाशी राहाल. त्यावर दोघंही गप्प बसले. त्यातही एकमत.

झालं होतं ते असं. घराच्या पुढच्या भागात आमचं सलून आहे, तीन खुर्च्यांचं. बाबांनी उभा जन्म तिथे लोकांचे केस कापले. नवरा त्यांच्याच हाताखाली शिकला. गेल्या थंडीत बाबांचा हात कापायला लागला. आधी थोडा, मग चहाचा कप बशीत वाजेल इतका. आम्हाला दिसत होतं, पण सांगायचं कोणी, म्हणून आम्ही दोघंही मूग गिळून बसलो. आणि एका सकाळी बँकेतल्या साहेबांच्या कानाला कात्री लागली. फार नाही, टिपकाभर रक्त. साहेब बिचारे भले, काही हरकत नाही म्हणाले. पण नवरा शेजारच्या खुर्चीपाशी होता. तो आला, बाबांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि भरल्या दुकानात म्हणाला, "बाबा, पुरे झालं आता. आत जाऊन बसा."

बाबांनी अंगावरचा एप्रन सोडला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि आत आले. त्यानंतर त्यांनी दुकानात पाऊल टाकलं नाही. बाहेर जायचं तर बाजूच्या बोळातून जातात, म्हणजे दुकानासमोरून जायला नको.

मी नवऱ्याला सांगितलं, तू केलंस ते बरोबर होतं, पण केलंस ती रीत चूक होती. तो म्हणाला, मग काय कान तुटायची वाट बघायची होती का. मी म्हटलं, तसं नाही, दुकान बंद झाल्यावर जवळ बसून सांगायचं होतं. त्याला वाईट वाटलं होतं, मला ठाऊक आहे. त्या दिवसापासून त्याचंही जेवणात लक्ष नव्हतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि ते जिभेवर येणं वेगळं. या घराण्यात ते घशापर्यंत येतं आणि तिथेच मुक्काम करतं.

अशात ताईंचे फोन सुरू झाले. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लांबच्या मोठ्या शहरात राहतात. त्यांना काय घडलं ते कळलं आणि त्या बाबांच्या मागे लागल्या, माझ्याकडे या, कायमचे या. खोली तयार आहे, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, जावई तुमच्याशी पत्ते खेळेल. सगळं खरं होतं. ताई मनाने चांगल्या, त्यांचा नवराही चांगला. वाईट माणूस असता तर भांडायला तरी बरं झालं असतं. बाबांना मुलीला नाही म्हणता येईना आणि हो म्हणायलाही जीभ वळेना. बघू, बघू म्हणून ते फोन माझ्या हातात द्यायचे.

एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, "पोरी, मुलीकडे जाऊन राहण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण या घरात मला जा म्हणून कोणी म्हणत नाही आणि राहा म्हणूनही कोणी म्हणत नाही."

मी म्हटलं, मी म्हणते ना राहा. ते म्हणाले, तू म्हणतेसच. आणि कपात बघत बसले. कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं ते न कळण्याइतकी मी बावळट नाही. मी तशीच उठून दुकानात गेले, गिऱ्हाईक नव्हतं, नवऱ्याला म्हटलं, बाबांना राहा म्हण. तो म्हणाला, मी जा कुठे म्हटलंय. मी म्हटलं, जा नाही म्हटलंस, राहा तरी म्हण. तर म्हणतो कसा, राहतायतच की. मी हात टेकले.

आता त्या गवताचं सांगते. आमच्या घरामागे अंगण आहे आणि त्यात लॉन आहे. लॉन आपलं म्हणायचं. सलूनचे टॉवेल आणि एप्रन वाळत घालायच्या तारा त्याच्यावरून जातात, त्यामुळे तारांखाली माझ्या पायांनी वाट पडलेली, नळापाशी चिखल, कुंपणाकडे पिवळं पडलेलं, आणि बाकी जे होतं ते एवढं विरळ की मधली माती दिसायची. बाबा दिवसभर मागच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत राहायचे. एके दिवशी टॉवेलांची बादली घेऊन मी त्यांच्यासमोरून जात होते, कंबर दुखत होती, आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, नुसतं बघत काय बसता, करा की त्याचं काहीतरी. टक्कल पडलंय त्याला."

बोलले आणि जीभ चावली. पण बाबा उठले. लॉनच्या मधोमध जाऊन उकिडवे बसले आणि दोन बोटांनी गवत बाजूला करून बघायला लागले, गिऱ्हाइकाच्या केसांचा भांग बघावा तसे. मग म्हणाले, टक्कल नाही, विरळ झालंय, जीव आहे अजून. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात धंदा ऐकू आला. मला इतकं बरं वाटलं की कंबर दुखायची राहिली.

आम्ही दोघं बियाण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सावली किती, ऊन किती, सगळं विचारून दोन जातींचं बी एकत्र करून दिलं. जुनं गवत उपटायचं नाही, म्हणाला, त्याच्यातच नवं पेरायचं. आधी जुनं अगदी आखूड कापा, मग दातेरी दाताळ्याने खरवडून वाळकं काढा, माती उघडी झाली की बी टाका, वर चाळलेल्या खताचा पातळ थर आणि रोज हलकं पाणी. आणि एक गोष्ट त्याने बजावून सांगितली: नवं गवत चार बोटं उंच झाल्याशिवाय त्याला पातं लावायचं नाही. तोवर मुळांनी माती धरलेली नसते, कापायला गेलात तर उपटून येईल. बाबांनी मान हलवली आणि चार बोटं आडवी धरून मला दाखवली. घरी येईपर्यंत रस्त्यात दोनदा दाखवली.

त्याच संध्याकाळी ताईंचा फोन आला, कधी येताय. बाबांना उत्तर सापडलं होतं. म्हणाले, "इथलं गवत वर येऊ दे. मग ये मला न्यायला."

मी ओट्यापाशी उभी होते. म्हणजे मीच त्यांना कामाला लावलं आणि मीच त्यांच्या जाण्याची सोय केली. ते गवत उगवलं की बाबा जाणार, हे आता ठरल्यासारखं झालं. नवऱ्याला सांगितलं तर तो टॉवेल झटकत राहिला. म्हणाला, त्यांना तिथे बरं वाटणार असेल तर. मी म्हटलं, तुला बरं वाटणार आहे का. तो म्हणाला, माझं काय. मी पुढचं बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

काम मात्र बाबांनी मन लावून केलं. हाताने ढकलायचं गवत कापायचं मशीन माळ्यावरून काढलं, पुसलं, तेल घातलं. लॉन आखूड कापलं आणि दाताळ्याने खरवडायला घेतलं, तर वाळक्या गवताचा ढीगच्या ढीग निघायला लागला. बाबा थांबून म्हणाले, केवढा हा कोंडा, आणि स्वतःच हसले. मीही हसले. खरवडून झाल्यावर ते अंगण इतकं भयाण दिसायला लागलं की मला वाटलं, होतं तेच बरं होतं.

मग बी. ओंजळीत घेऊन आधी उभं टाकत गेले, मग आडवं. मी बाजूला पिशवी धरून उभी होते. त्यांचा हात थरथरत होता आणि त्या थरथरीने बोटांमधून बी सारखं गळत होतं, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. मी टाकून बघितलं तर एकाच जागी मूठभर पडलं. बाबा म्हणाले, बघ, इथे हात कापतो ते बरंच आहे. हसत म्हणाले, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी पिशवी झटकायच्या निमित्ताने वळले.

खत पसरून झाल्यावर एक फळी टाकून तिच्यावर चालत चालत त्यांनी सगळं दाबलं. माझ्या तारा काढल्या. टॉवेल वाळत घालायला मला दोन घरं सोडून शेजारणीच्या गच्चीवर जावं लागायला लागलं, त्यावरून मी कुरकुर केली ती अगदी मनापासून केली. पाण्यासाठी त्यांना बारीक फवारा हवा होता. त्याला सांग म्हणाले, दुकानातला एखादा जुना स्प्रे दे, कडेच्या गवताला. नवऱ्याने जुना नाही, नवाकोरा दिला आणि माझ्याकडे न बघता आरसा पुसायला लागला.

गवत उगवलं. एका सकाळी मातीवर नुसती हिरवी लव दिसली. मी हाक मारून बाबांना बोलावलं तर ते आधीच तिथे होते. त्यानंतर रोजचा कार्यक्रम ठरला. बाबा उकिडवे बसणार आणि बोट आडवं धरून बघणार. एक बोट झालं. मग दीड. लॉन बघण्यासारखं झालं होतं. टक्कल म्हणून मी हिणवलं त्या जागी आधी भरून आलं. नवरा दुपारच्या चहाला आत यायचा तेव्हा मागच्या खिडकीतून बघायचा आणि मला विचारायचा, किती आलं. मी म्हणायचे, बाहेर आहेत, त्यांना विचार. तो चहा संपवून दुकानात जायचा.

आणि बाबा दिवसेंदिवस गप्प व्हायला लागले. गवत जेवढं वर येत होतं तेवढे ते खाली बसत चालले होते. मला त्या गवताचा राग यायला लागला. पाणी घालू नये, असं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू. पण सकाळी बाबा फवारा घेऊन निघाले की त्यांना अडवायला मन धजायचं नाही.

ताईंनी शेवटी स्वतःच ठरवलं. आता आलं असेल तुमचं गवत, मी रविवारी गाडी घेऊन येते. बाबा बरं म्हणाले. मी त्यांचे कपडे इस्त्री करून बॅगेत भरले. भरताना रडले, मग बॅग बंद होईना म्हणून चिडले. नवरा दारात येऊन उभा राहिला, बॅगेकडे बघितलं, आणि निघून गेला. मी ठरवलं, आता याला काही सांगायचं नाही. सांगून बोलला तर ते माझंच बोलणं होईल.

रविवार आमचा गर्दीचा दिवस. सकाळी मी शेजारणीच्या गच्चीवरून टॉवेल घेऊन बोळातून येत होते तर आमच्या अंगणातून खडखड ऐकू आली. आत आले आणि हातातले टॉवेल खाली पडले. बाबा बाह्या वर करून मशीन ढकलत होते. पाती सगळ्यात खालच्या खाचेला लावलेली. दोन बोटं उंचीचं ते कोवळं गवत कापलं जात नव्हतं, मुळासकट उपटून पात्यांना गुंडाळलं जात होतं. जुन्या गवताचाही खराटा झाला होता. मी ओरडले. त्यांनी ऐकलं, पण थांबले नाहीत. कुंपणापर्यंतचा शेवटचा पट्टा पूर्ण केला, मशीन उभं केलं आणि फडक्याने पाती पुसायला घेतली.

मी पायरीवर बसकण मारली. म्हटलं, बाबा, चार बोटं म्हणाला होता ना तो. ते म्हणाले, "हो का? विसरलो."

आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. या माणसाला गावातल्या प्रत्येक डोक्याचा भांग कुठल्या बाजूला आहे ते पाठ. रोज उठून दोन बोटं, दीड बोट मोजणारा माणूस आज विसरलो म्हणतो. हात गेला, आता डोकंही जायला लागलं की काय. तसं असेल तर ताईंचंच बरोबर, डॉक्टर जवळ असलेला बरा. आणि तेवढ्यात ताईंची गाडी थांबली.

ताई सरळ मागे आल्या. बाबांच्या पाया पडायला वाकल्या आणि तशाच अर्ध्यावर थांबून अंगणाकडे बघत राहिल्या. फोनवर त्यांनी या लॉनचं इतकं ऐकलं होतं. म्हणाल्या, "बाबा, हे काय झालं?"

बाबा फडक्याची घडी करत म्हणाले, "मला वाटलं, लवकर कापलं तर दाट येईल. केसांचं असतं ना, तसं. कोवळेपणी वस्तरा फिरवला की दाट येतात." मग खाली बघून म्हणाले, "चुकलं माझं. आता पुन्हा पेरावं लागणार. असं टाकून कसं निघू?"

माझं ओरडणं ऐकून नवरा दुकानातून आला होता. हातात कंगवा, मागे एप्रन गुंडाळलेलं कोणी गिऱ्हाईक अर्धवट डोक्याने खुर्चीत बसलेलं असणार. त्याने हे सगळं ऐकलं. आणि मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्याही डोक्यात एकदम उजेड पडला.

कारण पोरांना घेऊन आया आमच्या दुकानात येतात, याचं डोकं भादरा म्हणजे केस दाट येतील. आणि बाबांनी जन्मभर त्यांना परत पाठवलं आहे. वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत, बाई, पैसे घ्यायला मला काय जातं, पण खोटं आहे ते. आत टॉवेलांच्या घड्या करताना मी पडद्यामागून हे इतक्यांदा ऐकलं आहे की मलाही पाठ झालं. नवऱ्याला खुर्चीपाशी उभं केलं तेव्हा त्यांनी कात्री धरायच्या आधी हे शिकवलं होतं. म्हणजे बाबा काही विसरले नव्हते. त्यांना जायचं नव्हतं, आणि ते सांगता येत नव्हतं.

बापलेक एकमेकांकडे बघत होते. कात्री हातातून काढून घेतल्यापासून पहिल्यांदा. मला धाकधूक झाली, कारण माझा नवरा फटकळ. आता हा म्हणणार, काय सांगता बाबा, तुम्हीच तर शिकवलंत, आणि म्हाताऱ्याची होती नव्हती ती लाज या अंगणात जाणार, तीही मुलीसमोर. मी मनात म्हटलं, देवा, याला आज एकदाच नीट बोलू दे.

नवऱ्याने कंगवा खिशात घातला. ताईंना म्हणाला, "ताई, आमच्या धंद्यातल्या माणसाची हीच चूक होणार. मीसुद्धा हेच केलं असतं." मग तो पायऱ्या उतरून बाबांच्या जवळ गेला. मला नाही, त्यांना म्हणाला, "बाबा, या वेळी बी मी आणतो. तुम्ही इथेच राहा. तुमच्याशिवाय कोण पेरणार ते?"

बाबा बरं म्हणाले. एवढंच. पण त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं आणि नवऱ्याने वाकून उचललं, आणि मग दोघंही उगीचच मशीनच्या पात्यात अडकलेलं गवत काढत बसले. मी ताईंना घरात नेलं. आत खुर्चीतलं गिऱ्हाईक हाका मारत होतं, त्याला मी दोनदा जाऊन सांगितलं, येतायत, येतायत.

ताई जेवल्या, बाबांशी हसत बोलल्या, रागावल्या नाहीत. गवत यायला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, सांगता येत नाही, आणि त्या म्हणाल्या, लागू देत. दुपारीच निघाल्या. रिकामी गाडी घेऊन जाताना त्यांना काय वाटत असेल, या विचाराने मला कसंतरी होत होतं, म्हणून मी त्यांना पोचवायला गाडीपर्यंत गेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, बघा ना, बाबांकडून कशी चूक झाली.

ताई गाडीचं दार धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "लहानपणी माझे केस फार विरळ होते गं. शाळेत मुली चिडवायच्या. मी बाबांच्या मागे लागले, माझं डोकं भादरा, दाट येतील. त्यांनी मला दुकानातल्या खुर्चीत बसवलं आणि समजावून सांगितलं, तसं काही नसतं बाळा, कोणी सांगितलं तरी ऐकायचं नाही."

त्यांना सगळं माहीत होतं आणि सबंध जेवणभर त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. मी कसंबसं विचारलं, मग तुम्ही तिथे काही बोलला का नाहीत?

"काय बोलू? त्यांना इथे राहायचंय. तेवढं सांगायला बिचाऱ्यांना सगळं गवत कापून टाकावं लागलं." त्यांनी डोळे पुसले. "मी इतके फोन केले, पण यायचंय का, असं एकदाही विचारलं नाही. नुसतं कधी येताय, कधी येताय."

मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी रस्त्यात रडत उभ्या राहिलो आणि बराच वेळ गाडीचं दार तसंच उघडं होतं.